गाठ मारणारी चोच

गहू कापायला यंत्र मिळालं ते 1831 मध्ये. व्हर्जिनियातल्या शेतात सायरस मॅकॉर्मिकने त्या वर्षी घोड्याने ओढायचं कापणीयंत्र चालवून दाखवलं. ते घडवताना त्याच्याबरोबर राबलेला जो अँडरसन हा त्या कुटुंबाचा गुलाम होता आणि त्याचं नाव पुढे बराच काळ कोणी घेतलं नाही. कापणी सुटली, बांधणी मात्र अडून राहिली. यंत्र पुढे जायचं आणि मागून चार-पाच माणसं वाकून चालायची. कवेत मावेल एवढा गहू गोळा करायचा, त्यातल्याच मूठभर काड्यांना पीळ देऊन बंध करायचा, तो पेंढीभोवती आवळून टोक आत खोचायचं आणि पुढच्या पेंढीकडे सरकायचं. ज्याने कडब्याच्या किंवा गव्हाच्या पेंढ्या बांधल्या आहेत त्याला हे काम समजावून सांगायला नको. कंबर धरते, बोटं सोलवटतात. आणि पिकलेला गहू थांबत नाही. आठ-दहा दिवसांत तो कापून-बांधून उभा केला नाही तर दाणे झडू लागतात. इलिनॉय-विस्कॉन्सिनकडच्या शेतकऱ्याने किती पेरायचं हे त्याच्या जमिनीपेक्षा सुगीत मिळणाऱ्या हातांवर ठरत होतं.

चार्ल्स आणि विल्यम मार्श या इलिनॉयच्या भावांनी 1858 मध्ये निदान वाकणं तरी वाचवलं. त्यांच्या यंत्रात कापलेला गहू फिरत्या कापडी पट्ट्यावरून वर चढायचा आणि यंत्रावरच उभी असलेली दोन माणसं तो बांधत जायची. काम निम्म्या माणसांत होऊ लागलं, पण बांधणारे हात हातच राहिले.

लोखंडाला जे कापता येत होतं ते बांधता का येत नव्हतं? दोरीला ताठपणा नसतो, हे खरं कारण. दोरी ओढता येते, ढकलता येत नाही. तिचं टोक जिथे सोडाल तिथे राहत नाही. गाठ मारायची म्हणजे एक टोक स्वतःच्याच वेढ्यातून पलीकडे न्यायचं. त्यासाठी एका हाताने वेढा उघडा धरावा लागतो, दुसऱ्याने टोक आत घालावं लागतं, मग पकड बदलून ते पलीकडून ओढावं लागतं. आपली बोटं हे न बघता करतात, कारण दोरी कुठे निसटते आहे हे त्यांना सतत कळत असतं. एकोणिसाव्या शतकातल्या दातेरी चाकांना असं काही कळत नव्हतं. शिवाय हे यंत्र कारखान्यात एका जागी बसवलेलं नव्हतं. ढेकळांवरून हिंदकळत, धुळीत, घोड्यांच्या चालीवर त्याला चालायचं होतं.

मग धातूकडे वळणं ओघानेच आलं. तार ताठ असते, पुढे ढकलता येते, आणि वाकवली की वाकलेलीच राहते. दोन टोकं जवळ आणून तीन-चार पीळ दिले की झालं, गाठीचं कारणच उरत नाही. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल या गावी सिल्व्हेनस लॉक आणि चार्ल्स विदिंग्टन या दोघांनी तारेने पेंढी बांधणारी यंत्रं बनवली. विदिंग्टन घड्याळं दुरुस्त करणारा. बारीक चाकांची भाषा त्याला येत होती. त्याचं 1872 चं पेटंट मॅकॉर्मिकने घेतलं आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात तारेची बांधणीयंत्रं हजारोंनी शेतात उतरली. ती उत्तम चालत. यंत्र म्हणून त्यांच्यात खोट काढण्यासारखं फारसं नव्हतं.

खोट निघाली ती बांधणी संपल्यानंतर. मळणीच्या वेळी तार तोडावी लागे आणि तिचे तुकडे भुसात मिसळत. तो भुसा जनावरांच्या पुढ्यात जाई. गाय चाऱ्याचा घास नीट न चावताच गिळते. नंतर सावकाश रवंथ करते. तारेचा तुकडा जड असल्याने तिच्या जाळीदार पोटात तळाशी जाऊन बसतो. तिथून छाती आणि पोट यांच्यामधला पडदा ओलांडला की हृदय काही बोटांवरच असतं. पोट आकुंचन पावताना तार पुढे टोचत जाते आणि धडधाकट दिसणारं जनावर चारा सोडतं, कण्हू लागतं, मरतं. दुसरीकडे तेच तुकडे गव्हाबरोबर पिठाच्या गिरण्यांत पोचत होते. गिरणीच्या यंत्रांना त्यांनी इजा होई, आणि जिथे हवेत पिठाची धूळ भरलेली असते तिथे धातूवर धातू घासून ठिणगी उडणं म्हणजे आगीला निमंत्रण. गिरणीवाल्यांनी धान्याच्या वाटेवर चुंबकं बसवली. तारेने बांधलेला गहू नको, असंही ते म्हणू लागले.

धातूची बांधणी सगळीकडेच वाईट, असं मात्र नाही. कापसाचं उदाहरण घ्या. दाबयंत्रात दाबलेली रुई सोडली की प्रचंड जोराने उसळून फुगते, तिला दोरखंडापेक्षा लोखंडी पट्टी आणि बक्कलच आवरू शकतं. आणि रुई कोणी खात नाही. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी 170 किलोंची रुईची गाठ आजही बरेचदा धातूनेच आवळलेली असते. अमेरिकेत या बक्कलाला इतकं मोल होतं की त्यावरून सर्वोच्च न्यायालयात खटला गेला. एका कंपनीने आपल्या बक्कलावर ‘एकदाच वापरण्याचा परवाना’ असं ठोकून ठेवलं होतं. सूतगिरण्या गाठी उघडताना पट्ट्या तोडत आणि भंगारात विकत. ऱ्होड आयलंडमधल्या काही व्यापाऱ्यांनी ते भंगार घेऊन तुकडे रिव्हेटने जोडले, सरळ केले आणि त्याच बक्कलांसह पुन्हा बाजारात आणले. 1882 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ही डागडुजी नव्हे, हे वस्तू नव्याने घडवणं आहे, म्हणजे पेटंटचा भंग आहे. विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क कुठवर, या वादात हा निकाल अजून काढला जातो. एका बक्कलाने कायद्यात मिळवलेली ही जागा मला फार लक्षणीय वाटते.

गव्हाला मात्र असं काहीतरी हवं होतं जे जनावराने गिळलं तरी त्याच्या पोटाला भोक पडणार नाही, गिरणीत गेलं तरी ठिणगी उडणार नाही, आणि शेतात पडलं तर कुजून जाईल. म्हणजे सुतळी, आणि तिच्या मागोमाग आलेली ती अवघड गाठ.

जॉन अ‍ॅपलबी 1840 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मला आणि विस्कॉन्सिनमध्ये वाढला. गाठ मारणाऱ्या यंत्राचा पहिला नमुना त्याने अठराव्या वर्षी केला, असं सांगतात. मग यादवी युद्ध आलं, तो उत्तरेच्या सैन्यात गेला. परतल्यावर त्याने आधी तारेच्याच यंत्रांवर काम केलं आणि त्यातून निराश होऊन पुन्हा सुतळीकडे आला. तो या वाटेवर एकटा नव्हता. इलिनॉयमधल्या रॉकफर्ड गावच्या जेकब बेहेलने 1864 मध्येच चोचीच्या आकाराच्या फिरत्या आकड्याचं पेटंट घेतलं होतं. त्याच गावच्या मार्क्विस गोरमचं सुतळीचं बांधणीयंत्र 1870 च्या दशकात आलं. अ‍ॅपलबीचं मोठेपण असं की त्याने हे सुटे भाग एकमेकांशी अशा वेळापत्रकात बसवले की पेंढी दर वेळी, न चुकता बांधली जाऊ लागली. त्याची निर्णायक पेटंटं 1878 आणि 1879 ची.

ते यंत्र गाठ कशी मारतं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे. पेंढी जिथे जमते त्या फळीच्या खाली एक मोठी वाकडी सुई असते आणि तिच्या नेढ्यातून सुतळी ओवलेली असते. सुतळीचं मोकळं टोक फळीच्या वर, खाचा असलेल्या एका छोट्या चकतीत घट्ट धरलेलं असतं. म्हणजे चकतीपासून सुईपर्यंत सुतळी उभी ताणलेली असते आणि गहू तिच्यावर येऊन साठत जातो. दोन दांडे तो पुढे रेटत, दाबत राहतात. पेंढी ठरलेल्या घट्टपणाला आली की तिच्या दाबाने एक खटका सुटतो. तोवर स्वस्थ असलेला बांधणीचा दांडा आता फक्त एक फेरा फिरणार असतो आणि त्या एका फेऱ्यात सगळं घडणार असतं.

आधी सुई वर येते. पेंढीच्या दुसऱ्या बाजूने सुतळी वर आणून ती चकतीच्या पुढच्या खाचेत ठेवते. चकती एक घर सरकून तीही पकडते. आता सुतळीचे दोन पदर शेजारीशेजारी, चकतीच्या अलीकडे असलेल्या आकड्यावर आडवे पडलेले आहेत. हा आकडा म्हणजे या यंत्राचा प्राण. तो पोपटाच्या चोचीसारखा असतो, खालचा भाग पक्का आणि वरचा उघडझाप करणारा. तो एक पूर्ण गिरकी घेतो आणि दोन्ही पदर त्याच्याभोवती वेढा घेतात. गिरकी संपता संपता चोच उघडते, पुढचे पदर तिच्यात शिरतात, चोच मिटते. लगेच पातं फिरतं आणि चोच व चकती यांच्यामधले पदर कापतं. कापलेली टोकं चोचीत आहेत, वेढा चोचीच्या मानेवर आहे. गाठ अजून बसलेली नाही.

ती बसते पेंढीमुळे. यंत्राचे फिरते हात पेंढीला बाहेर ढकलतात. पेंढी जाताना सुतळी ओढते, मानेवरचा वेढा चोचीवरून घसरून पुढे येतो, आणि चोचीने धरून ठेवलेली टोकं त्या वेढ्यातून आरपार जातात. गाठ आवळते, चोचीतून टोकं निसटतात, पेंढी जमिनीवर पडते. टोक वेढ्यातून पलीकडे नेण्यासाठी जो दुसरा हात लागत होता त्याची गरजच या चोचीने काढून टाकली. टोक जागेवर धरायचं आणि वेढाच त्याच्यावरून काढून घ्यायचा. बोटांची नक्कल करत बसलेल्या कित्येकांना हे सुचलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. आपण हाताने गाठ मारताना सहसा तसं करत नाही. आणि सुई खाली परतताना नव्या सुतळीचं टोक चकतीत ठेवूनच जाते, त्यामुळे पुढच्या पेंढीची तयारी आपोआप झालेली असते.

या सगळ्याला इंजिन नाही. जमिनीवर फिरणाऱ्या एका रुंद लोखंडी चाकातून ताकद येते, ते चाक घोडे ओढतात. बांधणीच्या मुख्य चाकावर दाते सगळ्या घेरात नसतात, काही भागातच असतात. जिथे दाते तिथे तो-तो भाग हलतो, जिथे सपाट तिथे थांबतो. चोचीची स्प्रिंग, चकतीची स्प्रिंग आणि पात्याची धार या तिघांत जरा कमी-जास्त झालं की गाठ चुकते. जाणता चालक सुटलेल्या पेंढीची सुतळी उचलून बघतो. गाठ एकाच टोकाला असेल तर दुसरा पदर चोचीपर्यंत नीट आला नाही. टोकं चुरगळलेली पण गाठ नसेल तर चोचीची पकड सैल. टोकाला झुबका असेल तर पात्याला धार नाही. गवताचे ठोकळे बांधणाऱ्या आजच्या बेलर यंत्रांच्या माहितीपुस्तकांतही अशी चुकलेल्या गाठींची चित्रं असतात.

शिकागोच्या विल्यम डीअरिंगने 1878 मध्ये अ‍ॅपलबीकडून परवाना घेतला आणि 1880 च्या सुगीत सुमारे 3000 यंत्रं विकली. धाडसच होतं ते, कारण यंत्राला लागणारी सुतळी त्या वेळी बाजारात नव्हती. ती सगळीकडे सारख्या जाडीची हवी, एकही गुठळी नको, स्वस्त हवी. फिलाडेल्फियाचे दोरखंडवाले एडविन फिटलर यांनी ती काढून दिली. मॅकॉर्मिकने 1881 मध्ये तार सोडून सुतळीची वाट धरली आणि काही वर्षांतच तारेची यंत्रं कोपऱ्यात पडली. सुतळीलाही शत्रू होतेच: नाकतोडे आणि रातकिडे शेतात पडलेल्या पेंढ्यांची सुतळी कुरतडत, म्हणून तिला तेलाचा हात देत.

एकरी एक किलोच्या आसपास सुतळी लागे. अमेरिका आणि कॅनडाचं सगळं गव्हाचं क्षेत्र डोळ्यांसमोर आणलं की ही भूक केवढी असेल ते कळतं. वाख आधी फिलिपिन्सच्या अबाका या केळीच्या जातीतून येत होता. नंतर तो मुख्यतः मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातून, एनेकेन नावाच्या घायपातापासून येऊ लागला. खडकाळ, कोरडी जमीन, दुसरं काही धड न पिकणारी. तिथे मैलोन्‌मैल घायपाताच्या ओळी लागल्या, छोट्या रुळांवरून खेचरं पानांच्या मोळ्या ओढू लागली. मेरिदा शहरात मळेवाल्यांनी युरोपच्या धर्तीवर प्रासाद उठवले. पासेओ दे मोन्तेहो या रस्त्यावर त्यातले काही अजून उभे आहेत.

पानं तोडणारे होते माया लोक. मळ्याच्या दुकानातली उधारी बापाकडून मुलाकडे जायची आणि कर्ज फिटेपर्यंत मळा सोडायची मुभा नसायची. ते फिटू नये अशीच सोय होती. उत्तरेत सोनोरा प्रांतात सरकारशी लढणाऱ्या याकी लोकांना पकडून हजारो मैलांवरच्या या मळ्यांवर आणून सोडलं गेलं. जॉन केनेथ टर्नर या पत्रकाराने 1910 मधल्या आपल्या पुस्तकात या गुलामगिरीची हकिकत अमेरिकन वाचकांपुढे ठेवली. ज्या यंत्राने इलिनॉयमधल्या पाठी सरळ केल्या, त्याचं ओझं युकातानमधल्या पाठींवर गेलं. गाठयंत्राची कथा सांगताना हा भाग तळटीप म्हणून टाकणं मला मान्य नाही. सुतळीशिवाय ते यंत्र नुसती फिरणारी चोच आहे.

1902 मध्ये मॅकॉर्मिक, डीअरिंग आणि आणखी तीन कंपन्या मिळून इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. त्याच वर्षी तिने युकातानचा बडा व्यापारी ओलेगारियो मोलिना याच्या पेढीशी गुप्त करार केला. वाखाचा भाव पाडणं हा त्याचा स्पष्ट हेतू होता. पुढच्या दशकात भाव निम्म्याहून खाली आला. त्यात कराराचा वाटा किती आणि मागणी-पुरवठ्याचा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, 1915 मध्ये जनरल साल्वादोर आल्वारादो युकातानला आला, मळ्यांवरचं कर्जदास्य त्याने मोडलं आणि सगळा वाख सरकारी मंडळामार्फत विकायला लावला. महायुद्ध चालू होतं, भाव भडकले, अमेरिकन सिनेटने चौकशी लावली.

अमेरिकन शेतकरीही सुतळीच्या भावाने पिचत होता. दोरखंडाचे कारखाने एकत्र करून उभी राहिलेली नॅशनल कॉर्डेज कंपनी बाजार मुठीत धरू पाहत होती. मे 1893 मध्ये ती कोसळली आणि त्या वर्षीच्या मोठ्या आर्थिक संकटाला तिने धक्का दिला. मिनेसोटाने वेगळाच उपाय केला: स्टिलवॉटरच्या राज्य तुरुंगात 1890 च्या सुमारास सुतळीचा कारखाना काढला आणि कैद्यांनी वळलेली सुतळी शेतकऱ्यांना स्वस्तात दिली. इतर राज्यांनी ते उचललं. म्हणजे पुन्हा कुणाचे तरी बांधलेले हातच.

घायपाताचा प्रवास मेक्सिकोबाहेरही झाला, आधी आफ्रिकेकडे पाहू आणि मग आपल्याकडे. 1893 मध्ये रिचर्ड हिन्डॉर्फ या जर्मन शेतीतज्ज्ञाने फ्लोरिडातून हजार रोपं पूर्व आफ्रिकेत मागवली. 62 जगली आणि त्यांतून आजच्या टांझानियातले सिसाल या घायपाताचे मळे उभे राहिले. महाराष्ट्रात मेक्सिकोच्याच कुळातलं घायपात बांधाबांधावर, रुळांच्या कडेला कुंपण म्हणून रुजलं. पानं पाण्यात कुजवून, बडवून, धुऊन वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं वळायची ही कला मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

अमेरिकेत कंबाइन आलं, कापणी आणि मळणी एकाच फेरीत होऊ लागली, तेव्हा पेंढी बांधायचं कारणच संपलं. गाठयंत्र मात्र संपलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या एडविन नोल्टने ते वाळल्या गवताचे ठोकळे बांधणाऱ्या यंत्रात घातलं आणि 1940 पासून न्यू हॉलंड कंपनीने असे बेलर काढले. युरोपात क्लास कंपनीला 1921 मध्येच, युद्धानंतरच्या हलक्या सुतळीवरही नीट चालणाऱ्या गाठयंत्राचं पेटंट मिळालं होतं. बेलरच्या गाठयंत्रांचे आजही ‘डीअरिंग’ आणि ‘मॅकॉर्मिक’ असे दोन प्रकार सांगतात.

आपल्याकडे तर पेंढी बांधणारं यंत्रसुद्धा पुन्हा दिसू लागलं आहे. कंबाइन काड मोडून शेतभर विखरून टाकतं. ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्याला काड अख्खं हवं. म्हणून गहू-भाताच्या पट्ट्यात छोटी रीपर-बाइंडर यंत्रं घेतली जातात. त्यांत चोच तीच, सुतळी तागाची. पश्चिम महाराष्ट्रात उसाचं पाचट बेलरने बांधून कारखान्याच्या बॉयलरसाठी नेतात. तिथे प्लॅस्टिकची सुतळी चालून जाते.

चाऱ्याच्या बेलला मात्र ती सांभाळून वापरावी. तारेपासून गाईंना वाचवायला पशुवैद्य त्यांच्या पोटात चुंबक सोडतात, ते तिथेच राहून लोखंड धरून ठेवतं; प्लॅस्टिकला चुंबक धरत नाही, आणि ते कुजतही नाही, पोटात गोळा होऊन बसतं. ताग किंवा सिसाल मिळत असेल तर तेच घ्यावं. प्लॅस्टिक असेल तर सुतळी गाठीच्या अगदी शेजारी कापावी आणि गाठीच्या टोकाला धरून ओढावी. मग गाठ चाऱ्यात अडकत नाही, सुतळी अखंड बाहेर येते. छोट्या बेलला साधारण दोन सुतळ्या असतात. दोन्ही हातात आल्या का हे बघूनच चारा गव्हाणीत टाकावा.